खर्जाची पितळी तार

"ही जनानी आहे," अमीनचाचा म्हणाले.

माझी बेस गिटार त्यांनी मांडीवर आडवी घेतली होती आणि लाकडी पट्टीने तारा टेकतात त्या घोडीपासून खुंट्यांजवळच्या खाचेपर्यंतचं माप दोनदा घेतलं होतं. बरोबर तीस इंच. मी म्हटलं, चाचा, गिटारीत जनानी-मर्दानी नसतं, आखूड आणि लांब असं असतं, लांब असते ती चौतीस इंचांची. यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारी रंग वाळत ठेवलेल्या दोन तंबोऱ्यांकडे बोट केलं. एक उंच, पुरुष गवयाचा. दुसरा बुटका, गाणाऱ्या बाईचा. बुटक्याच्या तारा बारीक होत्या, हे त्यांनी मला बोट लावून बघायला लावलं.

"माप आखूड, तर तार बारीक. पन्नास वर्षं हेच करतोय. तू जा कोल्हापूरला आणि बारीकातला बारीक सेट घेऊन ये. उरलेली लांबी मी कापून देतो."

मिरजेच्या त्या गल्लीत तारेच्या बाबतीत अमीनचाचांचा शब्द शेवटचा होता. मोठमोठे गवई आपला तंबोरा त्यांच्याकडे पाठवत आणि वर चिठ्ठी लिहीत, की तारा तुमच्या मनाने घाला. मी तर त्यांच्या कारखान्यामागच्या चाळीत वाढलेली. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि चाचींची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती. त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि उंची चार फूट नऊ इंच. वय त्यानंतर बरंच वाढलं, उंची तेवढीच राहिली. उंचीचा उल्लेख अशासाठी, की सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. कुमुदबाई हुपरीकरांच्या रागिणी महिला ऑर्केस्ट्रातली बेस वाजवणारी मुलगी लग्न करून हुबळीला गेली आणि जाताना गिटारही घेऊन गेली. मी चर्चमध्ये वाजवते हे कुणीतरी कुमुदबाईंना सांगितलं. त्यांनी भाड्याने आणलेली मोठी बेस माझ्या गळ्यात अडकवली, तेव्हा माझा डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत पोचेचना. पोचवायचा तर मला अख्खं डावीकडे वाकावं लागे. ड्रमवाली दमयंती इतकी हसली, की तिच्या हातातली काठी खाली पडली.

मग मी चर्चच्या कपाटातली बेस आणली. ती आखूड होती. एक परदेशी डॉक्टर मायदेशी परतताना चर्चला देऊन गेला होता. माझ्या हातांना ती अशी बसली, जणू माझ्याच मापाने शिवली होती. अडचण एकच होती, तारा इतक्या जुन्या होत्या की त्यांच्यातून सूर कमी आणि गंज जास्त निघे. कुमुदबाई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी इचलकरंजीला कार्यक्रम आहे, नव्या तारा घाल. खर्ज नीट बोलला तर तू आमची. नाही बोलला तर कीबोर्डवालीचा डावा हात रिकामाच असतो, बेसचं काम ती बटणावर करील. कुमुदबाई बोलायच्या हळू, पण एकदा बोलल्या की त्यात बदल नसे.

घरी आईनेही तेच ऐकून ठेवलं होतं. नर्सिंगचा फॉर्म तिने आणून भरूनसुद्धा ठेवला होता, माझ्या सहीपुरती जागा मोकळी ठेवून. इचलकरंजीनंतर बाईंनी घरी पाठवलं तर सही करायची, असं आमचं ठरलं. आई वाईट नव्हती. तिला फक्त स्वतःच्या पायांवर उभं राहण्याचा एकच मार्ग ठाऊक होता, आणि त्याला पांढरे बूट लागायचे. मला मात्र त्या गिटारीवाचून दुसरं काही सुचत नव्हतं. रात्री उशीवरसुद्धा माझी बोटं चालायची.

कोल्हापूरच्या दुकानात बेसच्या तारांचे दोनच सेट होते, एक जाड आणि एक बारीक. दुकानदार भला माणूस. त्याने विचारलं, गिटार आखूड आहे का? मी हो म्हटल्यावर तो म्हणाला, आखूड असेल तर लोक बहुतेक जाड तारा नेतात. का नेतात ते त्यालाही सांगता येईना. मग मला मिरजेची ऐट आली. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे तारा कळणारी माणसं आहेत, तुम्ही बारीकच द्या. त्याने मुकाट्याने दिल्या. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

चाचांनी त्या तारा देवपूजेसारख्या बसवल्या. प्रत्येक तार खुंटीला तीन वेढे बसतील एवढी ठेवली, जादा लांबी कापली, टोकं दुमडली. स्वतःच्या धोतराच्या सोग्याने गिटार पुसून माझ्या हातात दिली. अॅम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे नुसत्या लाकडावर काय ऐकू येईल तेवढंच आलं. मला नव्या तारांचा वासच इतका आवडला होता, की बाकी कशाकडे लक्षच नव्हतं.

रविवारी तालीम. कुमुदबाईंचा तालमीचा हॉल पिठाच्या गिरणीच्या वर होता. आपलं काम कसं वाजतं ते ऐकायला चाचाही आले होते. आत बायकांची गर्दी म्हणून ते दारातच, चपला हातात घेऊन उभे राहिले. कुमुदबाईंनी अॅकॉर्डियन गळ्यात घेतलं, दमयंतीने चार मोजले आणि मी खर्जाच्या तारेवर बोट मारलं.

फडफड. दुसरा शब्दच नाही. वरच्या तीन तारा ठीक होत्या, चालून जाण्यासारख्या. पण सगळ्यात खालची, जिच्यावर बेसवाल्याचं सगळं घर चालतं, ती तार ओल्या चादरीसारखी पडद्यांवर आपटत होती. आवाज हळू केला तर सूर नाहीसा होई, मोठा केला तर फडफड मोठी होई. गाणं अर्ध्यावर थांबलं. कुमुदबाईंनी अॅकॉर्डियनचा भाता मिटला आणि माझ्यापाशी येऊन ती तार दोन बोटांत धरून पाहिली.

"इतकी बारीक तार? कुणी सांगितलं गं तुला ही घ्यायला?"

माझी नजर दाराकडे गेली. चाचांची मान खाली होती. हॉलमध्ये सात बायका होत्या, आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्याच गल्लीतल्या.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच घेतली. दुकानदार जाड घे म्हणत होता, मी ऐकलं नाही."

दुसरं वाक्य तर खरंच होतं, त्यामुळे पहिलंही खपून गेलं. कुमुदबाई फक्त म्हणाल्या, की शनिवारपर्यंत मी वाट बघेन, तोवर कीबोर्डवालीला सगळ्या गाण्यांची बेस बसवायला सांगते. कीबोर्डवालीने त्याच क्षणी वही उघडली. मी पुन्हा दाराकडे पाहिलं तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी टेलिफोन बूथवरून कोल्हापूरच्या दुकानात फोन लावला. जाड सेट शनिवारीच गडहिंग्लजच्या कुणीतरी नेला होता आणि मुंबईहून दुसरा यायला पंधरा दिवस लागणार होते. मी तशीच कारखान्यात गेले. चाचा एका भोपळ्यासमोर बसले होते, पण त्याला हात लावत नव्हते.

"बस," ते म्हणाले. "मला एक सांग. बाईचा तंबोरा आखूड असतो, कारण बाईचा सा वर असतो. सा वर, म्हणून तार बारीक. तुझ्या या आखूड गिटारीचा सूर मोठ्या गिटारीपेक्षा वर लावतात का?"

"नाही. सूर तेच. फक्त लांबी कमी."

"सूर तोच आणि लांबी कमी. मग तार ढिलीच पडणार की! ती ताणून धरायला तिच्यात वजन पाहिजे, जाडी पाहिजे." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "लांबी बघितली आणि सूर विचारलाच नाही. पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा आधी सूर विचारतं, बेटा."

मी म्हटलं, जाऊ द्या चाचा, कुमुदबाईंना माहीत नाही आणि कळायची गरजही नाही. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले होते. पण त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या ताटात खडा टाकला. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि पितळेच्या तारेचं एक भेंडोळं घेऊन बाहेर आले.

तंबोऱ्यात खर्जाची तार पितळेची असते. चाचांच्या डोक्यात आलं ते असं, की माझ्या त्या बारीक तारेवरच पितळेची तार गुंडाळायची, म्हणजे तिला वजन येईल. पण दोन्ही टोकांना तार मूळचीच ठेवायची, कारण खुंटीच्या बाजूची खाच आणि घोडीची खाच बारीक तारेच्या मापाच्या होत्या. मधल्या तीस इंचांना तेवढा जाड अंगरखा घालायचा. मी विचारलं, असं कुणी करतं का? ते म्हणाले, करत असतील किंवा नसतील, तू चाक फिरव.

चाक म्हणजे भिंतीला पक्कं केलेलं हाताने फिरवायचं लोखंडी चाक. त्याच्या आकड्यात तारेचं एक टोक अडकवायचं, समोरच्या फिरत्या आकड्यात दुसरं, आणि ताणून धरायची. मी चाक फिरवू लागले की ती तार जागच्या जागी गरगरे आणि चाचा पितळेची तार चिमटीत धरून तिच्यावर वेढ्याला वेढा चिकटवत पुढे सरकत. बोलायचं नाही, थांबायचं नाही, वेग बदलायचा नाही. त्या एका आठवड्यात माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला असेल.

पहिला प्रयत्न फसला. मधेच कुठेतरी वेढा सैल राहिला आणि तारेतून गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज यायला लागला. चाचांनी सगळं पितळ उलगडलं. दुसऱ्यांदा त्यांनी जाड पितळ घेतलं, तर तार काठीसारखी ताठ झाली. तिच्यावर बोट मारलं की 'धप्' व्हायचं आणि संपायचं. मी हिरमुसले. गुरुवार उजाडला होता, आणि त्या दिवशीची तालीम माझ्याशिवाय झाली. नंतर दमयंतीने येऊन सांगितलं, की कीबोर्डवालीने नऊ गाणी बसवलीसुद्धा. दमयंतीला ते आवडलं नव्हतं. तिच्या मते बटणाबरोबर ड्रम वाजवणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं.

त्या दुपारी चाचांनी मला भेंडोळ्यांसमोर बसवलं आणि म्हणाले, आता तू निवड, वाजवणारी तू आहेस. पितळेच्या सहा जाड्या होत्या. मी एकेक तार चिमटीत धरून पाहू लागले. तोपर्यंत मला तार म्हणजे दुकानातून पाकिटात येणारी वस्तू वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याकडे असं पाहिलं, की ही उद्या बोलणार आहे आणि काय बोलणार ते मी ठरवते आहे. मी बारीकातली दुसरी उचलली. चाचांनी मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही.

तिसरी तार शुक्रवारी दुपारी झाली. चाचांनी वरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, बोट खरखरू नये म्हणून. मग आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो, कारण जवळचा अॅम्प्लिफायर तिथेच होता. चाचा बाकावर टोपी सारखी करून बसले. तीन तारा रुपेरी आणि एक सोन्यासारखी पिवळी. मी सूर लावला, श्वास घेतला आणि पिवळीवर बोट मारलं.

सूर उठला तो जमिनीतून. गोल, भरलेला, आणि हवा तेवढा वेळ टिकणारा. मागच्या कपाटातले चहाचे कप एकमेकांना लागून किणकिणले. मी थांबलेच नाही. येत होतं ते सगळं वाजवलं, मग येत नव्हतं तेही वाजवलं. पाळकसाहेब धावत आले आणि दारातच ताल धरून उभे राहिले. चाचांनी मात्र काही ऐकलं असं दाखवलं नाही. त्यांनी तळहात पुढच्या बाकाच्या लाकडावर टेकवला होता आणि डोळे मिटले होते. मी थांबल्यावर ते म्हणाले, "अजून." मी अजून वाजवलं. मला इतका आनंद झाला होता, की मी वाजवता वाजवता हसत होते आणि गालावरून पाणीही येत होतं.

शनिवारी इचलकरंजीचं नाट्यगृह खच्चून भरलं होतं. यंत्रमागवाल्यांच्या मंडळाचा कार्यक्रम, साडेसहाला पडदा. दुपारी जुळवाजुळव करताना कुमुदबाईंनी माझी पिवळी तार पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, अमीनचाचांनी बनवून दिली. वाजव, म्हणाल्या. मी वाजवली. त्या "बरं" म्हणाल्या आणि माइकवाल्याशी भांडायला गेल्या. या "बरं"चा अर्थ काय असेल त्यावर मी आणि दमयंतीने दोन तास घालवले. कीबोर्डवालीची वही स्टँडवर उघडी होतीच.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्यात मी फक्त दमयंतीच्या काठ्यांकडे बघत होते, दुसऱ्यात समोर बघितलं, आणि तिसरी लावणी होती, तिच्यात मी आणि दमयंतीने असं काही गुळपीठ जमवलं की पुढच्या रांगेतले फेटे डोलायला लागले. कीबोर्डवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वही मिटून ठेवली आणि डाव्या हाताने स्टँडवर मस्तपैकी ताल धरला. वाईट ती तरी कशाला असेल, तिच्यावर दोन हातांचं काम टाकलं होतं. तिसऱ्या रांगेत चाचा आणि चाची बसले होते. ऑर्केस्ट्राला धांगडधिंगा म्हणणारे चाचा आयुष्यात पहिल्यांदाच असल्या कार्यक्रमाला आले होते. ड्युटी संपवून आलेली आई शेवटच्या रांगेमागे पांढऱ्या साडीतच उभी होती.

शेवटच्या गाण्याआधी कुमुदबाई कलाकारांची ओळख करून देत. त्यात एक पद्धत होती. जी कायमची, तिचं नाव घेत. जी परीक्षेवर असे, ती 'आणि सहकलाकार' या दोन शब्दांत जायची. मी नावं मोजत होते. गायिका झाल्या, दमयंती झाली, कीबोर्डवाली झाली.

"आणि बेस गिटारवर," कुमुदबाई म्हणाल्या, "मिरजेची रूथ शिंगे."

टाळ्या पडल्या. त्यांतली शेवटच्या रांगेमागची एक मला ओळखू आली. मी वाकायचं विसरले, मग इतकं वाकले की गिटारीची मान माइकच्या दांड्याला आपटली. लोक हसले आणि आणखी टाळ्या पडल्या. पण कुमुदबाईंचं झालं नव्हतं.

"हिच्या गिटारीतली खर्जाची तार दुकानात मिळत नाही. ती आमच्या अमीनभाईंनी स्वतःच्या हाताने बनवली. अमीनभाई, जरा उभं राहा."

चाचा उठले. आठशे माणसं वळून त्यांना टाळ्या देत होती. त्यांनी दोन्ही हात जोडले, पण ते खाली बसले नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. मग घसा साफ केला. चाची त्यांचा सदरा खाली ओढत होत्या, पण त्यांनी दाद दिली नाही.

"कुमुदताई, एक राहिलंय," ते म्हणाले. माइक नसतानाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. "बारीक तार घे म्हणून या पोरीला मीच सांगितलं होतं. चूक माझी होती. त्या दिवशी हिनं ती अंगावर घेतली आणि मी दारात गप उभा राहिलो. सहा दिवस झाले, मला जेवण गोड लागलं नाही. टाळ्या तेवढ्या घ्यायच्या आणि हे सांगायचं नाही, हे मला जमायचं नाही."

 ज्या गल्लीने पन्नास वर्षं त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं, ती गल्ली अर्धी आम्हाला ऐकायला येऊन तिथे बसलेली होती.  कुमुदबाईंनी माइक तोंडापाशी नेला.

"बसा अमीनभाई," त्या म्हणाल्या. "हे मला रविवारीच ठाऊक होतं, दारातली तुमची खाली गेलेली मान मी बघितली होती. या पोरीला तेव्हा जाड काय आणि बारीक काय, कळत होतं कुठं? पण दुसऱ्याची चूक अशी पचवणारी बेसवाली मला परत कुठं मिळायची? तिला मी त्याच दिवशी घेतली. शनिवार होता तो नुसता तारेसाठी."

हशा असा फुटला की वरच्या पंख्यांचा आवाज बुडाला. सगळ्यांत मोठ्याने चाचाच हसत होते. ते हसत हसत खाली बसले, पुन्हा उठले, मला हात करून म्हणाले, की आता वाजव, थांबलीस कशाला. दमयंतीने चार मोजले आणि मी खर्जावर बोट ठेवलं.